भागिले माणसं

सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा येऊन पडलाय. म्हणणं असं : डिझेलची बस लिटरला जेमतेम ३ किलोमीटर जाते, स्कूटर ४५, मग प्रदूषण कोण करतं? पुण्यातल्या बस दुपारी रिकाम्या फिरतात. इलेक्ट्रिक बस म्हणजे कोळशाचाच धूर, फक्त पुण्याऐवजी चंद्रपूरला. आणि पुणेकर काही स्कूटर सोडणार नाही, तेव्हा बसवर पैसे उधळू नका. खाली टाळ्यांची रांग.

अ‍ॅव्हरेजचे आकडे साधारण बरोबर आहेत. पुण्यात आता सीएनजी आणि इलेक्ट्रिक बस भरपूर आहेत, पण मेसेजवाल्यांच्या सोयीसाठी डिझेलच धरू. लिटरभर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलचा २.३ किलो. म्हणजे किलोमीटरला बसचे ९०० ग्रॅम, स्कूटरचे ५१. पण स्कूटरवर बहुतेक वेळा एकच माणूस असतो. बसमध्ये १८ जण चढले की बरोबरी होते. ऑफिसच्या वेळी ५० जण दाटीवाटीने उभे असतात तेव्हा माणशी १८ ग्रॅम पडतात. 'भागिले माणसं' ही पायरीच गाळली आहे. शाळेत निम्मे मार्क गेले असते. चारचाकीचं तर बोलायलाच नको. शहरात लिटरला १२ धरली तर किलोमीटरला १९० ग्रॅम, आणि बहुधा आत एकटे साहेब. तिच्यापुढे पाच प्रवाशांची बसही उजवी.

दुपारच्या बसचा मुद्दा मात्र खरा आहे. दहाच प्रवासी असले तर माणशी ९० ग्रॅम, म्हणजे स्कूटरपेक्षा जास्त. पण ती बस तुम्ही चढा न चढा, धावणारच आहे. अकरावा माणूस चढल्याने डिझेल फारसं वाढत नाही. त्याच्या स्कूटरचं पेट्रोल मात्र पूर्ण वाचतं. शिवाय दुपारच्या फेऱ्या काढल्या, तर दुपारी घरी परतणारा माणूस सकाळीसुद्धा स्कूटरच काढेल.

कोळशाचं काय? इलेक्ट्रिक बसला किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. आपल्याकडे युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर हिशेब डिझेलच्या जवळच जातो. हे मान्य. फरक दोन : स्वारगेटच्या थांब्यावर उभ्या असलेल्यांच्या नाकात डिझेलचा धूर जात नाही, आणि विजेत सौर-पवनाचा वाटा वाढेल तशी तीच बस आपोआप स्वच्छ होत जाते. डिझेलच्या बसचं तसं नाही. आणि माणसांनी भागायचं इथेही आहेच.

राहिला स्वभाव. मुंबईत जुलै २०१९मध्ये बेस्टने किमान भाडं ८ वरून ५ रुपयांवर आणलं आणि प्रवासी लाखांनी वाढले. महिन्याभरात मुंबईकरांचा स्वभाव बदलला असं कोणी म्हटलं नाही. पुण्यात उलट जून २०२५मध्ये किमान भाडं ५ चं १० झालं. त्यावरचा मेसेज आमच्या ग्रुपवर अजून कोणी टाकलेला नाही.