चार गुणांनी जिंकलो, म्हणून काहीही खपवू नका

“कॉलिंगवूडनं कप उचलला, पण जिंकला का?” अशा मथळ्याचा एक लांबलचक मराठी मेसेज मेलबर्नच्या आपल्या मंडळींत फिरतोय. कॉलिंगवूड म्हणजे फुटीतला, ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला, मेलबर्नचा एक संघ. त्यानं एखादा सामना रडतखडत जिंकला की हा मेसेज पुन्हा वर येतो. लिहिणारा स्वतःला पाईजचा, म्हणजे कॉलिंगवूडचा, कट्टर चाहता म्हणवतो. नाव नाही, गाव नाही, खाली फक्त “सर्वांपर्यंत पोहोचवा”.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. २०२३ ला एएफएलच्या, म्हणजे फुटीच्या मुख्य व्यावसायिक लीगच्या, फायनलमध्ये ब्रिस्बेनच्या संघाचे गोल जास्त होते, म्हणजे खरे विजेते तेच. फायनल्सचे, म्हणजे साखळीनंतरच्या फेऱ्यांचे, तिन्ही सामने मिळून फक्त बारा गुणांनी जिंकणं ठरवल्याशिवाय होत नाही. तरीही असे सामने काढायला जिगर लागते आणि ती फक्त आमच्याकडे आहे. शिवाय विजय इतका निसटता झाला तो डोकं धरून बाहेर जाणाऱ्या नाजूक खेळाडूंमुळे, म्हणून आपल्या मुलांना तरी हेल्मेट घालून पुढच्याच आठवड्यात मैदानात उतरवा. आणि शेवटी, मैदान घरचं होतं.

सामना ठरवलेला होता आणि जिगरीनं जिंकला, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे विचारायचं नाही.

मी उत्तर दिलंच नसतं. अशा मेसेजना उत्तर देत बसलं तर स्वयंपाक कधी करायचा? पण माझ्या भाचीला सरावात डोक्याला मार लागला. डॉक्टरांनी तीन आठवडे सामना नको म्हणून बजावलं आणि दादानं हा मेसेज मला पाठवून विचारलं, “यात तथ्य आहे का गं? येत्या रविवारी उतरवू का तिला?” दादा इंजिनियर आहे. तोही विचारतो म्हटल्यावर बाकीच्यांचं काय होत असेल?

तर आधी गोलांचं बघू. ज्यांना फुटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून लाथाडलेला चेंडू थेट गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या बुटक्या खांबाच्या आतून गेला, उंच खांबाला लागून गेला किंवा कुणाचा हात लागून गेला तर बिहाइंड, एक गुण. फायनलला कॉलिंगवूडचे १२ गोल आणि १८ बिहाइंड, म्हणजे ९०. ब्रिस्बेनचे १३ गोल आणि ८ बिहाइंड, म्हणजे ८६. ब्रिस्बेनचा एक गोल जास्त, हे खरंच आहे. पण म्हणून ते विजेते? २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकात न्यूझीलंडला चौकार मोजून हरवलं तेव्हा याच मंडळींनी घर डोक्यावर घेतलं होतं. आणि इथे तर सुपर ओव्हरही नव्हती, गुण सरळसरळ चारनं जास्त होते.

बिहाइंड म्हणजे उत्तेजनार्थ बक्षीस असं ज्याला वाटतं त्याने कॉलिंगवूडच्याच जुन्या जखमा आठवाव्यात. २०१८ ची फायनल: वेस्ट कोस्ट ११ गोल, कॉलिंगवूडही ११ गोल. वेस्ट कोस्टचे बिहाइंड १३, आमचे ८. पाच गुणांनी हरलो. २०१० च्या फायनलला सेंट किल्डाचे १० गोल, आमचे ९, आणि दोघांचे गुण ६८. बरोबरी झाली, पुढच्या शनिवारी सामना परत खेळवला आणि आम्ही ५६ गुणांनी जिंकलो. मेसेजच्या हिशेबानं तो दुसरा सामना व्हायलाच नको होता, कप सेंट किल्डाला द्यायचा होता. द्यायचा का?

उलट १८ बिहाइंड ही कॉलिंगवूडच्या चाहत्याला टोचायला हवी अशी गोष्ट आहे. तीस वेळा चेंडू खांबांपर्यंत नेला आणि त्यातला बाराच वेळा नीट मारला. २००८ ला जीलाँगनं हेच केलं होतं, ११ गोल आणि २३ बिहाइंड. हॉथॉर्ननं कमी वेळा मारून १८ गोल केले आणि २६ गुणांनी कप नेला. त्या दिवशी जीलाँगचं जे झालं ते आमचंही होऊ शकलं असतं. विजय पटला नाही असं म्हणायचं असेल तर इथे म्हणा, मी पण हात वर करते.

“ठरवलेलं होतं” याला फार वेळ देत नाही. फायनल्समध्ये मेलबर्न क्लबला सात गुणांनी हरवलं, सिडनीच्या जीडब्ल्यूएस संघाला एकानं, ब्रिस्बेनला चारनं, बेरीज बारा. बेरीज बरोबर आहे, निष्कर्ष वेडगळ आहे. ज्याला निकाल ठरवायचा आहे तो एका गुणाची जोखीम कशाला घेईल? एक गुण म्हणजे वाऱ्यानं वाकलेला एक चेंडू. आणि या व्यवस्थेला इतकं काटेकोर काही ठरवून करता येतं असं वाटत असेल तर त्याच वर्षीचा ॲडलेडचा सामना बघा. सिडनीविरुद्ध शेवटच्या मिनिटांत बेन कीजनं मारलेला चेंडू खांबाला लागला असं समजून गोल अंपायरनं बिहाइंड दिला. चेंडू खांबाला लागलाच नव्हता. रिप्लेही बघितला नाही. ॲडलेड एका गुणानं हरलं आणि फायनल्समधून बाहेर पडलं. एएफएलच्या प्रमुखाला जाहीरपणे चूक कबूल करावी लागली, निकाल मात्र तोच राहिला. एवढा ढोबळ घोळ घालणारे लोक गुपचूप बारा गुणांचं गणित जमवतात म्हणे!

जिगरीचं मात्र मला आमच्याच माणसांशी भांडायचं आहे, कारण हे बहुतेक पाईजवाल्यांना मनातून पटलेलं असतं. क्रेग मॅक्रे २०२२ ला कोच झाला. आधीच्या वर्षी सतरावं आलेलं कॉलिंगवूड त्या वर्षी सलग अकरा सामने जिंकत चौथं आलं. एसेंडनविरुद्ध सामना संपल्याचा सायरन वाजल्यावर जेमी एलियटनं कोपऱ्यातून मारलेला तो गोल आजही लोक फोनमध्ये जपून ठेवतात. मीही ठेवलाय. पण त्या वर्षीचा लॅडर, म्हणजे गुणतक्ता, काढून बघा. टक्केवारी, म्हणजे केलेले गुण भागिले दिलेले गुण, जेमतेम १०४. चौथ्या नंबरच्या टीमसाठी ही फार किरकोळ गोष्ट आहे. म्हणजे जिंकत होतो ते काठाकाठानं. मग त्याच वर्षी फायनल्समध्ये जीलाँगकडून सहा गुणांनी हरलो आणि सिडनीत एका गुणानं. तीच टीम, तोच कोच. जिगर विमानात राहिली का? पुढच्या वर्षी तोच एक गुण आमच्या बाजूनं पडला आणि कप आला. त्याच्या पुढच्या वर्षी, २०२४ ला, दोन सामने बरोबरीत सुटले आणि आम्ही नववे येऊन फायनल्सच्या बाहेर. अटीतटीचा सामना कधी इकडे पडतो, कधी तिकडे.

एवढं मान्य करते, नाइलाजानं: २०२३ ची टीम नुसती नशीबवान नव्हती. साखळीत पहिली आली होती, १८ सामने जिंकून. शेवटच्या दोन मिनिटांत काय करायचं याचा ते मुद्दाम सराव करत आणि ते मैदानावर दिसायचं. पण सराव वेगळा आणि “आमच्या रक्तातच आहे” वेगळं.

आता ज्या ओळींसाठी हे सगळं लिहायला बसले त्या. मेसेजमध्ये नेथन मर्फीबद्दल लिहिलंय, “डोक्याला हात लावून पहिल्याच हाफमध्ये बाहेर, उरलेल्यांनी सामना ओढला. पूर्वीचे खेळाडू रक्त पुसून परत यायचे.” खाली सल्ला, “मुलांना इतकं नाजूक करू नका. हेल्मेट घाला, उतरवा.”

मर्फी बचावातला खेळाडू. फायनलमध्ये त्याला कन्कशन झालं, म्हणजे मार लागून मेंदू हादरला, म्हणून नियमाप्रमाणे त्याला बाहेर काढून राखीव खेळाडू उतरवला. त्याला याआधीही असे मार बसलेले होते. एप्रिल २०२४ मध्ये डॉक्टरांच्या समितीच्या सल्ल्यानंतर त्यानं खेळ सोडला, वयाच्या २४ व्या वर्षी. हा नाजूकपणा? आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच अर्धी सोडून बाकावर बसावं लागलं आणि नंतर पुन्हा कधीच एएफएल खेळता आलं नाही, त्या पोराला नाटकी म्हणायला जीभ कशी वळते?

आणि हेल्मेट! याच फायनल्समधली पहिली मॅच, मेलबर्नविरुद्धची. ब्रेडन मेनार्डनं चेंडू अडवायला उडी मारली आणि तो अँगस ब्रेशॉवर जाऊन आदळला. ब्रेशॉ जागेवर बेशुद्ध. स्ट्रेचरवरून नेला. ब्रेशॉ हा हेल्मेट घालून खेळणाऱ्या मोजक्या खेळाडूंपैकी, त्या रात्रीही डोक्यावर हेल्मेट होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तोही वैद्यकीय सल्ल्यानं निवृत्त झाला, २८ व्या वर्षी. मेनार्ड एएफएलच्या ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे शिस्तीच्या सुनावणीत, सुटला, पण नंतर एएफएलनं अशी उडी मारणाऱ्यावर समोरच्याला जपण्याची जबाबदारी टाकणारा नियम केला. ज्या सात गुणांच्या विजयाला मेसेजवाला “जिगर” म्हणतो त्यात हे घडलं होतं. ते त्याच्या मेसेजमध्ये नाही.

फुटीचं ते मऊ हेल्मेट खरचटणं, कान सोलवटणं, कातडी फाटणं यासाठी ठीक आहे. कन्कशन होतं ते कवटीच्या आत मेंदू हादरल्यामुळे, आणि बाहेरून स्पंज लावल्यानं आतलं हादरणं थांबत नाही. उलट हेल्मेट आहे म्हणून पोरं जास्त बेधडक डोकं घालतात अशीही भीती असते.

मोडलेल्या हाडाचं उदाहरणही मेसेजमध्ये आहे, “निक डेकॉस हाड मोडूनही परत आला ना?” आला. कधी आला? साखळीचे शेवटचे सामने त्याला बाहेर ठेवलं, फायनल्समधल्या पहिल्या सामन्यालाही ठेवलं, आणि जवळजवळ सात आठवड्यांनी तो थेट जीडब्ल्यूएसविरुद्ध उतरला. त्या वर्षी ब्राउनलो मेडल, मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं, त्याचंच असं सगळे धरून चालले होते. बसून राहिल्यामुळे तो तिसरा आला आणि मेडल ब्रिस्बेनच्या लॅकी नीलला गेलं. म्हणजे टीमनं आपल्या सगळ्यात भारी खेळाडूच्या हाडाला जवळजवळ सात आठवडे दिले, आणि आपल्याला पोरीच्या मेंदूला तीन देताना जीव जातोय.

तीन आठवडे हा डॉक्टरांचा लहरीपणा नाही, दादा. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टनं फेब्रुवारी २०२४ मध्ये कन्कशनची मार्गदर्शक तत्त्वं नव्यानं काढली. मुलांसाठी आणि गावागावांतल्या हौशी क्लबांसाठी त्यात स्पष्ट आहे: अंगाला अंग भिडेल असा सराव करण्याआधी सलग १४ दिवस एकही लक्षण नको, आणि सामना खेळायला मार लागल्यापासून कमीत कमी २१ दिवस. कमीत कमी. डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, चिडचिड यातलं काही राहिलं तर आणखी लांबणार. एएफएलनं कम्युनिटी फुटीला हेच लागू केलं. व्यावसायिक खेळाडूंना किमान १२ दिवस आहेत, ते त्यांच्यामागे दिवसरात्र डॉक्टरांचा ताफा असतो म्हणून. आपल्या क्लबात प्रथमोपचाराची पेटी असते आणि ती ज्याच्याकडे असते तो संत्री कापत असतो.

मुलींचं काय एवढं, असं कुणी म्हणत असेल तर हेदर अँडरसनबद्दल वाचा. २०१७ ला ॲडलेडनं पहिला एएफएलडब्ल्यू, म्हणजे महिलांच्या एएफएलचा, कप जिंकला त्या टीममध्ये ती होती. २०२२ मध्ये २८ व्या वर्षी ती गेली. तिच्या मेंदूत सीटीई आढळला, वारंवार डोक्याला मार बसल्यानं होणारा मेंदूचा आजार, जो आज तरी मृत्यूनंतरच्या तपासणीतच नक्की कळतो. व्यावसायिक महिला खेळाडूत त्याचं निदान होण्याची जगातली ती पहिली वेळ होती. याचा अर्थ फुटी सोडा असा नाही, भाचीला मीच पहिला चेंडू आणून दिलाय. पण मार लागला की बसायचं.

राहिला घरच्या मैदानाचा मुद्दा. यात तथ्य आहे, चडफडत मान्य. एमसीजी हे कॉलिंगवूडचं रोजचं मैदान, तिन्ही सामने तिथेच झाले, ब्रिस्बेन विमानानं आलं आणि समोर लाखभर प्रेक्षक, त्यातले बहुतेक काळ्या-पांढऱ्या कपड्यांतले. त्या मोसमात ब्रिस्बेननं आम्हाला आधी दोन्ही वेळा हरवलं होतं, हेही लिहून टाकते. फायनल एमसीजीवरच खेळवायचा करार २०५९ पर्यंत आहे आणि तो इतर राज्यांवर अन्याय आहे हे माझंही मत आहे. फक्त एवढंच की ब्रिस्बेन २०२४ ला त्याच मैदानावर परत आलं आणि सिडनीला ६० गुणांनी हरवून कप घेऊन गेलं. २०२५ ला तिथेच फायनलच्या आधीच्या फेरीत आम्हाला घरी पाठवलं, आणि मग जीलाँगला ४७ गुणांनी हरवून पुन्हा तेच जिंकले.