थंडीचं काय घेऊन बसलात!

"अगं, हिवाळ्यात तिथे राहता तरी कसे?" भारतातून फोन आला की हा प्रश्न ठरलेला. राहतो की. मजेत राहतो. माझं घर सुटतं ते जूनमध्ये.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं बेफिल्ड. सुपिरिअर सरोवराच्या काठावरचं, जेमतेम सहाशे वस्तीचं गाव. समोर मॅडलिन बेट, फेरीबोटीने वीसेक मिनिटांवर. कडाक्याच्या थंडीत पाणी गोठलं की फेरी थांबते, आणि मग थोडे दिवस असे येतात की बर्फ बोटीला जाड आणि गाडीला पातळ. तेव्हा मागे मोठाले पंखे लावलेली विंडस्लेड धावते. बेटावरची शाळा पाचवीपर्यंतच, त्यामुळे पुढच्या वर्गांतली मुलं तिच्यात बसून इकडे येतात. बर्फ आणखी जाड झाला की सरोवरावरच गाड्यांचा रस्ता सुरू. कडेला खुणेसाठी नाताळात वापरून झालेली झाडं रोवतात. पहिल्यांदा त्यावरून गेले तेव्हा शेजारच्या आजींनी बजावलं होतं, सीटबेल्ट काढ आणि काच खाली ठेव. कशासाठी, ते विचारायचा धीर झाला नाही.

2014 मध्ये गोठलेल्या सरोवरावरून चालत काठावरच्या बर्फाच्या गुहा बघायला लाखावर माणसं आली होती. उलट 2023-24 मध्ये रस्ता झालाच नाही, फेरी हिवाळाभर चालली. लांबून बघणाऱ्यांना ही सोय वाटते. इथे हिवाळ्याची कमाई बर्फावरच असते.

पण थंडीची सवय होते हो. सवय होत नाही ती अंधाऱ्या खिडक्यांची. आमच्या गल्लीत जानेवारीत दिवा लागणारी घरं मी बोटांवर मोजते. बाकीची उन्हाळ्यापुरती. माझं भाड्याचं घरही ऑक्टोबर ते मे. जूनपासून तेच रोजाच्या दराने पर्यटकांना जातं. मालकाचं गणित मला कळतं. हॉटेलचे हिशेब लिहिते मी, पर्यटक नकोत म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण त्याच उन्हाळ्यात दुकानादुकानावर 'कामाला माणसं हवीत'ची पाटी लागते तेव्हा हसू येतं. येतील माणसं, झोपतील कुठे? रोजाने घर देण्याचे परवाने मोजून द्यावेत आणि काही घरं वर्षभराच्या भाडेकरूंसाठी राखावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते इथे बोलून दाखवलं की चहा लवकर संपतो.

यंदा ऑक्टोबरात परत आले, तेव्हा पुस्तकांची खोकी उघडलीच नाहीत. कॉटखाली सरकवून ठेवली आहेत.