चांदी, सिमेंट आणि आठ कॅप : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

दातात चांदी भरावी की पांढरं सिमेंट, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून चिडून लिहिलंत. चिडून का होईना, लेख पूर्ण वाचलात हे दिसतंय, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

तुमचं म्हणणं असं : चांदीत पारा असतो, युरोपने ती बंद केली, तरी मी तिची तळी उचलते. सुंदर दिसण्यासाठी केलेल्या उपचारांना मी नाक मुरडते. आणि तुमच्या मुलीने लग्नाआधी वरच्या आठ दातांवर झिर्कोनियाच्या (दाताच्या रंगाच्या मजबूत सिरॅमिकच्या) कॅप बसवल्या, फोटो झकास आले, मग माझ्यासारखे डॉक्टर जागृतीच्या नावाखाली लोकांना घाबरवतात कशाला?

पाऱ्याचं आधी उरकते. दातात भरायच्या या चांदीत वजनाने साधारण निम्मा पारा असतो, उरलेल्यात खरी चांदी, कथील, तांबं. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून काही वैद्यकीय अपवाद सोडून तिचा वापर थांबवला. त्यामागे मोठं कारण पर्यावरणाचं आहे : दवाखान्याच्या सांडपाण्यातून आणि स्मशानातल्या धुरातून पारा बाहेर पडतो. पाऱ्याबद्दलच्या ज्या मिनामाता कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली, तोही चांदीचा वापर कमी करा असंच सांगतो. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २०२० मध्ये गरोदर व स्तनदा माता, लहान मुलं, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे आजार असलेले यांना चांदी शक्यतो टाळायला सांगितलं. पण चांगल्या स्थितीतली जुनी चांदी विनाकारण उकरून काढू नका, हेही त्याच सल्ल्यात आहे. उकरताना पाऱ्याची वाफ निघते आणि चांगला दातही थोडा जातो. मी लिहिलं होतं ते एवढंच. नवीन चांदी भरा, असं त्या लेखात कुठेही नाही.

आता सिमेंट. आपल्याकडे दाताच्या रंगाचं जे काही भरलं जातं त्याला पेशंट सरसकट सिमेंट म्हणतात. त्यातलं ग्लास आयोनोमर दाताला आपसूक चिकटतं, थोडं फ्लोराइड सोडतं, जरासा ओलावा चालवून घेतं, पण चावून चावून झिजतं. दुधाच्या दातांना, हिरडीलगतच्या खड्ड्यांना ते छान. कंपोझिट म्हणजे राळ आणि काचेची बारीक भुकटी. ते नीट बसवणं हे नाजूक काम आहे. कीड काढायची, शक्यतो रबर डॅम (रबराचा पातळ पडदा) लावून दाढ लाळेपासून वेगळी करायची, निळं आम्ल पंधरा-वीस सेकंद लावून धुवायचं. वाळवल्यावर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, खडूसारखं पांढुरकं दिसलं पाहिजे, आतलं डेंटिन मात्र किंचित ओलसर ठेवायचं. मग बाँडिंग (चिकटवणारा द्रव), मग दोन-दोन मिलिमीटरचे थर, प्रत्येक थराला निळा प्रकाश. घट्ट होताना हे मटेरियल आकसतं, म्हणून थर. मधेच लाळ शिरली किंवा एकदम मोठा गोळा कोंबला, तर कडेला फट राहते आणि खालून पुन्हा कीड. वरून दात दिसतो फर्स्टक्लास. म्हणून ‘कोणतं मटेरियल?’ यापेक्षा ‘किती वेळ देणार?’ हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो.

सौंदर्याला माझा विरोध नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर तपकिरी डाग पडलेली मुलं-मुली तोंडावर हात धरून हसतात. त्यांच्या उपचाराला हौस म्हणायची माझी छाती नाही. पण अशा डागांनाही आधी सौम्य उपाय असतात : साफसफाई, ब्लीचिंग, इनॅमलचा अगदी वरचा पापुद्रा घासून डाग कमी करणं, कंपोझिटचा पातळ लेप. त्यानंतर व्हिनियर, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा पातळ पापुद्रा. पूर्ण कॅप सगळ्यात शेवटी.

तुम्हीच लिहिलंय, मुलीच्या दातांत ‘थोडी फट आणि जरासा पिवळेपणा’ होता. कीड नव्हती, रूट कॅनाल नव्हतं. एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी २००२ साली मोजून दाखवलं की पूर्ण कॅपसाठी पुढच्या दाताचा दिसणारा भाग वजनाने ६३ ते ७२ टक्के कापला जातो. व्हिनियर आणि तशाच कमी कापाव्या लागणाऱ्या प्रकारांत हाच आकडा साधारण ३ ते ३० टक्के. इनॅमल नखासारखं पुन्हा वाढत नाही. फट कंपोझिटने बहुधा एका बैठकीत, जवळपास काहीच न कापता बुजली असती आणि पिवळेपणाला ब्लीचिंग होतं. हे पर्याय तुमच्यासमोर ठेवले होते का? माझा राग असलाच तर तो न ठेवण्यावर आहे, मुलीच्या हौसेवर नाही.

जाहिरातीत ‘हॉलिवूड स्माइल’ म्हणतात त्याची गंमत सांगते. १९२८ च्या सुमारास चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य हॉलिवूडच्या नटांच्या दातांवर पातळ पापुद्रे तात्पुरते चिकटवत. शूटिंग संपलं की काढून ठेवायचे. दात न कापता!

कॅपला दहा वर्षांची वॉरंटी आहे, असंही तुम्ही लिहिलंत. झिर्कोनिया मजबूत असतो, वाद नाही. पण ते कार्ड कॅपचं आहे, आतल्या दाताचं नाही. झिर्कोनियाला कीड लागत नाही. त्याच्या काठाशी उरलेल्या दाताला लागते. सव्विसाव्या वर्षी बसवलेल्या कॅप आयुष्यात एकदा तरी, बहुधा जास्त वेळा, बदलाव्या लागतील. तो खर्चही हिशेबात धरा.

तुमच्या प्रतिक्रियेतलं शेवटचं वाक्य मात्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं : ‘ब्रश करताना थोडं रक्त येतं, पण नवीन आहे म्हणून असेल.’ कॅप बसवून तीन महिने झाल्यावर नवेपणाचं कारण चालत नाही. कॅप चिकटवायचं सिमेंट हिरडीखाली राहिलं असेल, कॅपची कड फार खोल किंवा जाड असेल, किंवा शेजारच्या कॅप एकमेकींना जोडलेल्या असतील आणि मधे फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) जात नसेल. भांडायला जाऊ नका, त्याच डॉक्टरांकडे तिला दाखवायला पाठवा. छोटे एक्स-रे काढायला सांगा आणि प्रत्येक दोन कॅपमधून फ्लॉस फिरवून दाखवा म्हणावं. उरलेलं सिमेंट काढणं सहसा एका बैठकीचं काम असतं. कॅप जोडलेल्या असतील तर खालून स्वच्छ करायचा बारीक ब्रश मिळतो, तो कसा वापरायचा हे तिथेच शिकून घेऊ दे. दिवाळसणाला माहेरी येईल तेव्हा बघू, असं मात्र करू नका.