अटेनमेंट 2.4, पण कविता वाचता येते का?

नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, तपासणीच्या तयारीसाठी सगळ्या विभागांच्या अटेनमेंटच्या एक्सेल शीट्स एकत्र करायचं काम यंदा माझ्याकडे आलं. भौतिकशास्त्र 2.4, वाणिज्य 2.5, आमचा मराठी विभाग 2.4. तीनपैकी. आकडे बघून बरं वाटायला हवं होतं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक पेपरला चार-पाच 'सीओ' (कोर्स आउटकम) असतात, म्हणजे हा पेपर शिकून मुलांना काय यायला हवं ते. अमुक टक्के मुलांना अमुक गुण मिळाले की लेव्हल 3, कमी मुलांना मिळाले तर 2 किंवा 1. या लेव्हलची सरासरी म्हणजे अटेनमेंट. आणि हे 'अमुक' ठरवतो कोण? बहुतेक वेळा विभागच. मग दोन विभागांचे 2.4 शेजारी ठेवून काय कळणार?

अभियांत्रिकीत या पद्धतीला जोर आला तो वॉशिंग्टन करारामुळे, म्हणजे सदस्य देशांनी एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या मान्य करण्याच्या करारामुळे. जून 2014 मध्ये भारत त्याचा पूर्ण सदस्य झाला. पदवी बाहेर मान्य व्हायची तर पदवीधराला काय येतं ते दाखवणं भाग होतं. पुढे यूजीसीने कला-विज्ञानालाही तीच दिशा दिली. मूळ विचार मला आजही मनापासून पटतो. शिकवलं किती यापेक्षा मुलांना आलं किती, हे विचारायलाच हवं.

पण आमचा एक सीओ बघा: विद्यार्थी कवितेचं स्वतंत्र रसग्रहण करील. पेपरात येते वर्गात शिकवलेलीच कविता, आणि तिचं रसग्रहण गाईडमध्ये छापलेलं. आपण मोजतो ते पाठांतर! गेल्या वर्षी अंतर्गत परीक्षेत मी मुलांनी कधीच न वाचलेली कविता दिली. निम्म्याहून जास्त मुलांनी दुसऱ्याच कवितेचं पाठ केलेलं उत्तर उतरवलं. पण वर्गात कधीही तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने, कवितेत आईचा शब्दही नसताना ती घरभर कशी जाणवते, हे चार ओळींत लिहिलं. ते वाचून माझे डोळे भरून आले. त्या सीओचं अटेनमेंट आलं 1.1. "मॅडम, एवढं कमी दाखवता येणार नाही," असं मला बैठकीत सांगण्यात आलं. ते अजून सलतंय. त्या वर्षी आमच्या विभागाला मुलांबद्दल कळलेली सगळ्यात खरी गोष्ट तो 1.1 होता.

भौतिकशास्त्राच्या सरांशी बोलले, तर त्यांचं दुखणं तेच. साध्या लंबकाच्या प्रयोगात सगळ्या जर्नलमध्ये g ची (गुरुत्वत्वरणाची) किंमत 980 च्या आसपासच. दोरा लांब असो, आखूड असो, घड्याळ उशिरा दाबलेलं असो. रीडिंग 'जुळवलेली' असतात.

मग आम्ही दोघांनी एकमेकांचे गठ्ठे वाचले. माझ्या उत्तरपत्रिका वाचताना सर दर पानाला विचारत होते, "हे मुलगा म्हणतोय ते कवितेतल्या कुठल्या ओळीवरून?" इतकी वर्षं पेपर तपासते आहे, पण त्यासाठी वेगळे गुण मी कधी ठेवले नव्हते. या सत्रापासून ठेवले आहेत. आणि सरांच्या जर्नलमध्ये मला दिसलं की निष्कर्षाचं वाक्य सगळ्यांचं शब्दशः एकच आहे.

येत्या शनिवारी दुपारी पुन्हा बसतोय. प्रत्येक विभागाच्या 20 उत्तरपत्रिका, नावं झाकून. वाणिज्यच्या मॅडमही येणार आहेत.