खुलासा : श्रेय लाटणारा प्रत्येक साहेब ‘नार्सिसिस्ट’ नसतो

मुंबईतील कचेऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशात, जो वरिष्ठ इतरांच्या कामाचे श्रेय लाटतो आणि टीका सहन करत नाही तो नार्सिसिस्टच (म्हणजे स्वतःला अवास्तव थोर मानण्याचा व्यक्तिमत्त्वविकार असलेला) असून त्याला चारचौघांत तसे सुनवावे, असे म्हटले आहे. हे बरोबर नाही. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनुसार या व्यक्तिमत्त्वविकाराच्या ९ लक्षणांपैकी किमान ५ आढळावी लागतात, तीही तारुण्याच्या प्रारंभापासून आणि केवळ कचेरीत नव्हे, तर निरनिराळ्या प्रसंगांत. शिवाय निदान तज्ज्ञानेच करायचे असते. मार्चअखेरच्या ताणाने चिडलेला साहेब त्यात बसेलच असे नाही. (अर्थात, निदान नाही म्हणून हाताखालच्यांचा त्रास खोटा ठरत नाही.)

सुनावण्याचा सल्ला तर अधिकच घातक आहे, कारण उघड अपमान असा माणूस सहसा विसरत नाही आणि वार्षिक मूल्यमापन बहुधा त्याच्याच हाती असते. त्यापेक्षा तोंडी सूचना मिळताच ‘आपल्या सांगण्यानुसार हे काम अमुक तारखेपर्यंत देत आहे’ असा ई-मेल पाठवावा, मसुद्यांच्या प्रती तारखेसह जपाव्यात आणि तक्रार करताना स्वभावाला नावे न ठेवता घडलेले प्रसंग क्रमाने मांडावेत. झोप उडण्यापर्यंत वेळ आली असल्यास ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य साहाय्यसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.