"तुमच्याही करू ना?"

मी लॅब टेक्निशियन. आजवर किती जणांचं रक्त काढलं त्याचा हिशोब नाही, पण त्यात तुरुंगात नव्याने आलेलेही बरेच होते. आणि त्यांना एक प्रश्न मी कितीतरी दिवस चुकीचा विचारत होतो.

"एचआयव्हीची टेस्ट करायची आहे का?"

मागे शिपाई उभा, दाराशी रांग, सगळ्यांचे कान इकडे. अशा वेळी "हो" म्हणणं म्हणजे चारचौघांत कबुली दिल्यासारखंच. दहातले आठ मान हलवून पुढे जायचे. मी रजिस्टरमध्ये "नकार" लिहून मोकळा. एक दिवस सीनियर सिस्टर म्हणाल्या, "अरे, तू विचारतोयस की संशय घेतोयस?" त्यांनी शिपायाला दाराबाहेर उभं केलं आणि पुढच्या माणसाला स्वतः म्हणाल्या, "इथे येणाऱ्या सगळ्यांच्याच या चार तपासण्या होतात. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग. तुमच्याही करू ना? नको असतील तर तसं सांगा, काही बिघडत नाही." त्याने बाही वर केली. पुढच्यानेही.

याला ऑप्ट-आउट म्हणतात. इंग्लंडच्या तुरुंगांत २०१४ पासून टप्प्याटप्प्याने हीच पद्धत आली. बदललं काय, तर फक्त वाक्य आणि दार.

"मग सक्तीच करा की, कटकट मिटेल", हे मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलंय. नाही मिटत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्येच सांगून ठेवलंय की कैद्यांची सक्तीची एचआयव्ही चाचणी अनैतिकही आहे आणि निरुपयोगीही. अनैतिक का, ते सांगायला नको. निरुपयोगी का, ते माझ्या टेबलावर दिसतं. गेल्या आठवड्यात लागण झालेला माणूस आज निगेटिव्ह येतो. हेपॅटायटिस सीच्या, म्हणजे कावीळ सीच्या, अँटिबॉडी (आम्ही रक्तात शोधतो ती खूण) दिसायला तर दोन-अडीच महिनेही लागतात. असा कागद बघून "स्वच्छ" आणि "बाधित" अशा वेगळ्या बराकी केल्या तर स्वच्छ बराकीतले लोक निर्धास्त होऊन एकच सुई वापरणार. लिथुआनियातल्या अलितुसच्या तुरुंगात २००२ मध्ये तपासणी झाली तेव्हा २६३ जण एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाले. त्याआधी अख्ख्या देशातली नोंद जेमतेम तीनशेच्या आसपास होती! नशेची सुई आत फिरत होती, एवढंच कारण.

म्हणून पहिल्या दिवशी विचारा आणि काही दिवसांनी पुन्हा विचारा. पहिल्या रात्री माणूस भेदरलेला असतो, कुणाची नशा उतरत असते, कुणाला घरी कळवलंय की नाही याचीच चिंता. त्या दिवशीचा नकार कायमचा धरायचा नसतो.

आणि हो, पुढे औषध नसेल तर कृपा करून सुई टोचू नका. सुदैवाने आता औषधं आहेत. हेपॅटायटिस सी आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. ऑस्ट्रेलियात काही तुरुंगांत मोठ्या प्रमाणावर असे उपचार केले, तर आतल्या नव्या लागणी जवळपास निम्म्यावर आल्या. सिफिलिस या गुप्तरोगाला, सुरुवातीचा असेल तर, पेनिसिलिनचं एक इंजेक्शन पुरतं. कावीळ बीची तपासणी निगेटिव्ह आली तर तिची लस द्या, एरवी सहा महिने चालणारे डोस गरज पडली तर ०, ७ आणि २१ व्या दिवशी देता येतात, वर्षाने एक बूस्टर.

पहिल्या दिवसापासून ही घाई कशासाठी, ते एका पोरामुळे कळलं. विशीतला असेल. रक्त काढताना भिंतीकडे तोंड करून बसला होता. "रिपोर्ट मलाच देणार ना? यांना नाही ना?" असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, "तुलाच." चौथ्या दिवशी रिपोर्ट आला, सी पॉझिटिव्ह. त्याला बोलावणं धाडलं, तर कळलं, आदल्या संध्याकाळी जामीन झाला. रजिस्टरमध्ये पत्ता अर्धवट, फोन नंबरचा रकाना कोरा. मीच भरला नव्हता.