‘सफाईवाला’ हा शब्द माझा, चूकही माझी

दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि दोन दिवस विचार करूनच लिहायला बसलो. तुम्ही रागाने लिहिलंय, आणि राग येण्यासारखंच घडलंय. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ब्रिटल स्टार आणि सर्पंट स्टार (लांब सडपातळ भुजांचे, ताऱ्यामाशांचे भाऊबंद) हे खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीतले गुणी सफाईवाले, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. ते वाचून दादांनी दोन स्टार आणले. त्यातल्या हिरव्या ब्रिटल स्टारने महिन्याभरात दोन क्लाउनफिश आणि एक गोबी असे तीन मासे खाल्ले. दुसरा, पट्ट्यांचा सर्पंट स्टार, घरचे सगळे बार्शीला लग्नाला तीन दिवस जाऊन आल्यावर दोन दिवसांत भुजा गाळत मेला. दादांचं म्हणणं असं की मी अर्धवट माहिती दिली, हे जीव मुळातच लेचेपेचे असतात, आणि सोलापुरात समुद्री टाकी ठेवणं हाच क्रूरपणा आहे.

पहिलं म्हणणं पूर्ण मान्य. मी सगळ्यांना एकाच माळेत ओवलं. हिरवा, म्हणजे ऑफिअरॅक्ना इन्क्रासाटा, हा शिकारी आहे. रात्री तो भुजा रोवून मधली चकती वर उचलून धरतो. खाली कपारीसारखा आडोसा तयार होतो. झोपायला जागा शोधणारा मासा त्यात शिरला की भुजा पीळ घालत खाली येतात आणि मासा कोंडला जातो. माझ्याकडेही असा एक होता. दुकानात तो ‘ग्रीन सर्पंट’ म्हणून मिळाला होता. एका रात्री लाल टॉर्चच्या उजेडात मी ही शिकार डोळ्यांनी पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी त्याला वेगळ्या टाकीत हलवलं. एवढं ठाऊक असून लेखात ‘हिरवा सोडून’ हे दोन शब्द लिहिले नाहीत. तुमचे तीन मासे त्यापायी गेले. मनापासून माफी मागतो.

म्हणून दुकानातल्या नावावर जाऊ नका, भुजा बघा. ब्रिटल स्टारच्या भुजांवर काटे उभे दिसतात. सर्पंट स्टारचे काटे अंगाला चिकटलेले असतात, त्यामुळे भुजा सापाच्या शेपटीसारखी गुळगुळीत दिसते. नाव काहीही सांगोत, शेवाळी हिरवा रंग आणि भुजांच्या कडेला आखूड जाड काटे दिसले की माशांच्या टाकीत तो नको. ऑफिओलेपिस सुपर्बा किंवा कॅरिबियन समुद्रातले ऑफिओडर्मा यांच्यासोबत मासे सहसा सुखाने राहतात. दगडाच्या फटीतून केसासारख्या भुजा हलवणारे नखाएवढे बारके ब्रिटल स्टार तर आपोआप येतात आणि टाकीतच वाढतात. ते काढून टाकू नका.

पण माझी त्याहून मोठी चूक ‘सफाईवाला’ या शब्दात आहे. हा शब्द वाचला की माणूस त्याला खायला घालत नाही. उरलंसुरलं खाऊन जगेल असं धरून चालतो. नव्या, स्वच्छ टाकीत उरतंच किती? उपाशी स्टारच्या भुजांची टोकं झिजतात, चकती आक्रसते, आणि आपल्याला वाटतं तो लाजून लपलाय. हिरव्याला पोटभर दिलं की त्याची शिकार कमी होते, पण बंद होईल या भरवशावर राहू नका. मी आठवड्यातून दोनदा, टाकीचे दिवे मालवल्यावर, बिनमिठाच्या कोळंबीचा शेंगदाण्याएवढा तुकडा लांब चिमट्याने भुजेच्या टोकाशी नेतो. या जीवाला मेंदू नाही, तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं आहे. तरी टोकाला चव लागताच ती भुजा वेटोळं घालते, तुकडा चकतीखाली जातो आणि तिथे पाच जबडे कामाला लागतात. शेवटी न पचलेलं त्याच तोंडातून बाहेर येतं, कारण दुसरी वाटच नाही. हे बघायला माझी मुलगी झोप मोडून उठते.

दुसरं म्हणणं मात्र पटत नाही. तुमचा सर्पंट स्टार लेचापेचा होता असं मला वाटत नाही. तुमच्याच मजकुरात ‘आल्यावर पाणी पूर्ववत भरलं’ असं वाक्य आहे, तिथे मी थांबलो. हिशोब मांडू. टाकीत 200 लिटर पाणी, क्षारता 35, म्हणजे किलोभर पाण्यात 35 ग्रॅम मीठ. एप्रिलमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी की पंखा लावलेल्या टाकीतून दिवसाला सहा लिटर सहज उडतं. मीठ उडत नाही. तीन दिवसांत 18 लिटर गेलं की 182 लिटर उरतं आणि क्षारता साडेअडतीसच्या जवळ पोचते. मग एका दमात 18 लिटर गोडं पाणी ओतलं की ती परत 35 वर कोसळते. माशाचं शरीर आतल्या मिठाचा तोल स्वतः सांभाळतं. स्टारला ते जमत नाही, बाहेर जे पाणी तेच त्याच्या अंगात खेळतं. असा धक्का बसला की भुजा गळतात. माझा कयास हाच. दुकानातून आणल्यावरही म्हणूनच थेंबाथेंबाने, दोन-तीन तास लावून पाणी बदलावं लागतं. मी पहिल्या स्टारला अर्ध्या तासात टाकीत सोडलं होतं. तो पाचव्या दिवशी गेला.

यावर ऑटो टॉप-ऑफ हे आपोआप पाणी भरणारं यंत्र लावणं हाच उपाय, म्हणजे उडालं तेवढंच पाणी तासातासाला थोडं थोडं आत येतं. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे थेंबभर पाण्यातून मीठ मोजणाऱ्या उपकरणावर, मोजा. पिण्याच्या आरओचं पाणी तसंच वापरू नका. बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी मूळ पाणी थोडं परत मिसळतात. तांबं असलेलं औषध तर माशांना कितीही खाज सुटली तरी या टाकीत घालायचं नाही.

आता सोलापूर. तुमचा हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला. समुद्र तीनशे किलोमीटरवर, नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, आणि आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर सोडून देतो. ते सोडलेलं पाणी मी फरशी आणि भांड्यांना वापरतो, तरी शेजारी हंडे भरताना मला ते खटकतं. हे स्टार बहुतेक समुद्रातूनच पकडून आणलेले असतात, हेही खरं. म्हणून मी एका टाकीत एकच स्टार ठेवतो, मार्च ते जूनमध्ये नवा आणत नाही, आणि लाइट गेल्यावर पंप चालवायला ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांना आणू नका म्हणून सांगतो. एवढं करून ठेवला तर तो वर्षानुवर्षं जगतो, त्यामुळे याला सरसकट क्रूरपणा म्हणायला मी तयार नाही.

तुमचा हिरवा अजून टाकीतच आहे ना? आज रात्री टाकीचे दिवे मालवल्यावर तासाभराने पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात कोळंबी ठेवून तो खडकाशी आडवा ठेवा. स्टार आत शिरला की पाइपसकट पाण्यातल्या पाण्यात डब्यात घ्या. भुजेला धरून ओढू नका, तो ती तोडून देईल. टाकीखाली सम्प, म्हणजे पाणी गाळणारी जोडटाकी, असेल तर तूर्त तिथे सोडा, पण आधी पंपाच्या तोंडाला स्पंज बांधा. कुणी घेणारा मिळाला नाही तर मला कळवा, माझ्याकडची हिरव्याची जुनी टाकी रिकामी आहे. मागच्या लेखातला तो परिच्छेद आज दुपारी बदललाय.